सोवळे आणि पावित्र्य : बायबलमधील उपासनेचा विचार

भोपाळच्या चौकातील जामा मशीद ज्या कुदसिया बेगमेने बांधविली, तिच्या नावापासून आजच्या विषयास प्रारंभ करणे सोयीचे होईल. १८१९ ते १८३७ या काळात तिने येथील राज्यकारभार पाहिला. ‘कुदसिया’ हे नाव अरबी ‘कुद्स’ या शब्दावरून आले आहे. उर्दूतील ‘मुकद्दस’ त्याच धातूचा. जेरुसलेमला अरबीत ‘अल-कुद्स’ म्हणतात आणि उर्दूभाषक ख्रिस्ती बायबलला ‘किताब-ए-मुकद्दस’. हिब्रू बायबलमधील ‘कादोश’ हा शब्दही याच कुळातला. मराठी बायबलात आपण जेथे ‘पवित्र’ वाचतो, तेथे मुळात हा शब्द असतो. त्याचा सख्खा भाऊ भोपाळकरांच्या कानी नेहमी पडत असतो.

आपला ‘पवित्र’ शब्द ‘पू’, म्हणजे शुद्ध करणे, या संस्कृत धातूपासून झाला. त्यात मळ काढून टाकल्याची कल्पना आहे. ‘कादोश’मध्ये मात्र वेगळेपणाची, राखून ठेवल्याची कल्पना प्रबळ आहे. ईश्वर पवित्र आहे, म्हणजे आधी तो आपल्यासारखा नाही. निष्कलंकता त्यामागून येते. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात, जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपापाशी मोशेला पायांतील जोडे काढण्याची आज्ञा होते. देवळाच्या पायरीशी वा मशिदीच्या दाराशी चपला उतरविणाऱ्या आपणांस हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. जोडे घालूनच चर्चमध्ये जाणाऱ्या युरोपीय वाचकाला तो सांगावा लागतो!

या कल्पनेचे सर्वांत भव्य चित्र यशयाच्या सहाव्या अध्यायात आहे. उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी, इ. स. पूर्व ७४० च्या सुमारास, यशयाला मंदिरात दर्शन घडले. सहा पंखांचे सराफीम दोन पंखांनी तोंड झाकतात, दोहोंनी पाय झाकतात आणि उरलेल्या दोहोंनी उडतात. ‘पवित्र’ हा एकच शब्द ते तीनदा उच्चारतात, कारण हिब्रूत श्रेष्ठत्व दाखविण्यासाठी शब्दाची द्विरुक्ती करतात. येथे तीही पुरी पडत नाही. रूडोल्फ ओटो या जर्मन पंडिताने १९११ साली मोरोक्कोतील एका सिनेगॉगमध्ये हे शब्द हिब्रूतून ऐकले आणि तो अनुभव त्याच्या मनातून गेला नाही. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या पावित्र्यविषयक ग्रंथात त्याने गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही विचार केला आहे. विश्वरूप पाहून भयचकित झालेला अर्जुन, आपण या विभूतीला थट्टेत ‘सख्या’ म्हणून हाक मारली, याबद्दल क्षमा मागतो. यशयाचे भय थोडे निराळे आहे. त्याला आपले ओठ अशुद्ध असल्याची जाणीव होते. मग एक सराफ वेदीवरील निखारा आणून त्या ओठांना लावतो.

माझ्या मते या अध्यायाचे मर्म त्या निखाऱ्यात आहे. जे पवित्र आहे तेच येथे अशुद्धाला स्पर्श करते आणि तरीही विटाळत नाही.

सोवळ्याचा नियम याच्या उलट चालतो, आणि तो काही आपल्याकडेच नव्हता. इ. स. पूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा याजकांना दोन प्रश्न विचारतो. अर्पणाचे मांस बांधलेले वस्त्र भाकरीला लागले तर भाकरी पवित्र होते काय? नाही. प्रेताला शिवलेल्या माणसाचा स्पर्श झाला तर ती विटाळते काय? होय. विटाळ पसरतो, पावित्र्य पसरत नाही! लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांचे, नानांचे, जे सोवळे वर्णिले आहे ते याच तर्काचे टोक होय. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली. त्यानंतर नानांच्या घरी बाजारातून आलेले मीठदेखील धुऊन घेतले जाई. वाचताना हसू येते, आणि त्या घरातील बायकांचे कष्ट आठवून ते मावळते.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात ईश्वर पवित्र आहे म्हणून लोकांनीही पवित्र व्हावे, अशी आज्ञा आहे. तिच्यामागून काय येते? शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावे, मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. त्याच ग्रंथात विटाळाचे कडक नियम आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला आधी हात लावतो, मग रोग जातो. आणि तरीही त्याला याजकाकडे, नियमाप्रमाणे अर्पण करण्यास, धाडतो. नियम मोडला नाही, त्याची दिशा फिरली.

उपासनेसाठी हिब्रूत दोन महत्त्वाचे शब्द आहेत. एकाचा अर्थ लोटांगण घालणे. दुसरा ‘अवोदा’: मंदिरातील सेवेला आणि शेतातील राबण्याला हाच शब्द चालतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आदराने व भयाने उपासना करण्यास सांगून लगेच ईश्वराला भस्म करणाऱ्या अग्नीची उपमा दिली आहे. हे भय ईश्वरासमोरचे आहे. शेजाऱ्याच्या स्पर्शाचे नव्हे. ही दोन भये एक मानली गेली की उपासनेचे सोवळे होते, मग ते देवळात असो वा चर्चमध्ये. जातीप्रमाणे बाके वेगळी ठेवणारी चर्चे या देशात होऊन गेली आहेत.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी स्वयंपाकाचे आणि पाण्याचे सोवळे त्यांनी सोडले नव्हते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला आणि सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला.