साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला चमत्कार

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तिथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही कथा महिपतींच्या 'भक्तविजया'ने (1762) घरोघर नेली. वायव्येला पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबाद. 1337 साली वारलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात, शिष्य अन्नाला महाग झाले तेव्हा चांदीची झाडं उगवली, अशी तिथली आख्यायिका. आणि खुद्द शहरात, छावणीतल्या ख्राइस्ट चर्चमध्ये, काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाल्याचा आणि चार दिवस कबरीत असलेला लाझरस चालत बाहेर आल्याचा वृत्तान्त उपासनेत वाचला जातो. तीन परंपरांची अद्भुतं एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतील, इतकी जवळजवळ. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1748 साली चमत्कारांविरुद्ध जे मुद्दे मांडले, त्यांतला एक नेमका या परिस्थितीला लागू पडतो. प्रत्येक धर्म आपले चमत्कार आपल्या खरेपणाचा पुरावा म्हणून पुढे करत असेल, तर एकाचा पुरावा दुसऱ्याच्या पुराव्याला छेद देतो आणि सगळेच साक्षीदार एकमेकांना खोटं पाडतात. ह्यूम पैठणला आला नव्हता, पण त्याचा मुद्दा मराठवाड्यात बसून जितका चटकन पटतो, तितका एडिंबरात पटला नसेल.

या मुद्द्याला उत्तर देण्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: ख्रिस्ती धर्मात चमत्कार खरोखर पुरावा म्हणूनच आले आहेत का? एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात आलेल्या मिशनऱ्यांचं उत्तर बहुतांशी 'होय' असं होतं. त्यांच्या पिढीवर विल्यम पेलीच्या 1794 सालच्या ग्रंथाची छाप होती. येशूने अलौकिक कृत्यं केली, ती पाहणाऱ्यांनी छळ सोसूनही साक्ष बदलली नाही, म्हणून त्याचा उपदेश ईश्वरी, अशी ती वकिली मांडणी. 1831 साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते. अशा वादांत चमत्काराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं की उलटतपासणी ठरलेलीच असे. तुमचा समुद्रावर चालणारा खरा, तर आमचा गोवर्धन उचलणारा खोटा कसा? या प्रश्नाला पेलीच्या शिष्यांकडे पटणारं उत्तर नव्हतं. इतका खटाटोप करून त्या वादांतून किती थोडी माणसं हलली, हे पाहिलं की मिशनऱ्यांनी चुकीचं हत्यार उचललं होतं, असं म्हणावं लागतं.

चुकीचं अशासाठी, की ज्या शुभवर्तमानांच्या आधारे ते बोलत होते, ती शुभवर्तमानंच या वापराला अडथळा करतात. अरण्यातल्या परीक्षेत येशू दगडाच्या भाकरी करायला आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखवायला नकार देतो. परूशी आकाशातून चिन्ह मागतात तेव्हा तो उसासा टाकून होडीत बसतो आणि निघून जातो. मार्कच्या वृत्तान्तात बऱ्या झालेल्या माणसांना तो पुन्हा पुन्हा बजावतो की याची वाच्यता करू नका. पुरावा सादर करणारा माणूस असं वागत नाही. स्वतःच्या नासरेथ गावात, लोकांचा विश्वास नसल्यामुळे, त्याला फारसं काही करता आलं नाही, हेही मार्क लपवत नाही. श्रीमंत माणूस आणि लाझर नावाचा भिकारी यांच्या दृष्टांतात तर लूक स्पष्टच सांगतो की मेलेला उठून आला तरी न मानणारे मानणार नाहीत. योहान फक्त सात कृत्यं निवडतो, त्यांना चिन्हं म्हणतो आणि प्रत्येकाभोवती संवाद रचून ते चिन्ह कशाकडे बोट दाखवतं, ते वाचकाला शोधायला लावतो. पाच भाकरींनी पाच हजारांची पोटं भरल्यावर लोक येशूला धरून राजा करायला निघतात, तेव्हा तो एकटाच डोंगरात निघून जातो. चमत्काराने गर्दी जमते, हे त्याला दिसत होतं. त्या गर्दीवर त्याचा भरवसा नव्हता.

मग ही कृत्यं कशाकडे बोट दाखवतात? बरं होणाऱ्यांची नुसती यादी डोळ्यांखालून घातली, तरी एक गोष्ट ठळक होते. कोडाचा रोगी आहे, बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी बाई आहे, कबरस्तानात राहणारा वेडा आहे, जन्मांध भिकारी आहे. मोशेच्या नियमशास्त्रात यांतले बरेचजण विटाळाच्या कक्षेत येतात. लेवीयच्या तेराव्या ते पंधराव्या अध्यायांत त्याचे बारीक नियम आहेत: कोणी वस्तीबाहेर राहायचं, कोणी ओरडून स्वतःला अशुद्ध जाहीर करायचं, कोणाच्या बिछान्याला शिवलं तर आंघोळ करायची. येशू कोडाच्या रोग्याला बरं करतो, पण त्याआधी हात पुढे करून त्याला शिवतो. नुसत्या शब्दाने काम झालं असतं, कारण दुसरीकडे तो दुरूनही बरं करतो. इथे स्पर्श मुद्दाम आहे. मग तो त्याला याजकाकडे पाठवतो, कारण वस्तीत परत घेण्याचा अधिकार याजकाचा. रक्तस्राव होणारी बाई गर्दीत लपून झग्याला शिवते, तिचा आजार तिथल्या तिथे थांबतो. चमत्कार एवढाच असता तर गोष्ट संपली होती. पण येशू थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो, तिला सगळ्यांसमोर बोलतं करतो आणि 'मुली' अशी हाक मारतो. बारा वर्षं जिला कोणी जवळ येऊ दिलं नव्हतं, तिला भर गर्दीत नातं मिळतं. विटाळ पसरतो, ही सर्वमान्य समजूत या कथांमध्ये उलटी फिरते. स्पर्शाने अशुद्धी येण्याऐवजी शुद्धी पसरते.

हे वाचायला मराठी माणसाला भाष्यकार लागत नाही. पैठणच्या रेड्याच्या कथेतही रेड्याच्या घशाची रचना हा प्रश्न नसतो. संन्याशाच्या मुलांना शुद्धिपत्र नाकारणाऱ्या धर्मसभेपुढे वेदांवर मालकी कोणाची, हा प्रश्न असतो. ख्रिस्ती चमत्कारकथा याच वर्गातल्या आहेत असं मान्य केलं, तर ह्यूमचा छेद बराच बोथट होतो. दोन पुरावे एकमेकांना खोडतात, पण दोन खुणा शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. त्या कुठे नेतात, ते तपासावं लागतं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापलं, तेव्हा ख्रिस्ताचे चमत्कार ओवीत सांगितले, तेही पुराण ऐकायला बसणाऱ्या श्रोत्यांसाठी. वादसभेपेक्षा कथेच्या आसनावर ही कृत्यं अधिक शोभतात, हे त्या इंग्रज जेझुइटाला विल्सनपेक्षा दोनशे वर्षं आधी उमगलं होतं असं दिसतं.

मराठवाड्याचा इतिहास या वाचनाला बळ देतो. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले, तेही स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या वादविवादांच्या वातावरणात. 1860च्या दशकात ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले. जालना तेव्हा औरंगाबादचाच, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचाच, भाग होता. वेगळा जिल्हा 1981 साली झाला. तिथे त्यांचं काम मुख्यतः मांग आणि महार समाजांत चाललं. दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती उभी केली. तिथे शेती होती, शाळा होती, प्रार्थनामंदिर होतं. याच काळात औरंगाबादला रतनजी नौरोजी हे मूळचे पारशी असलेले धर्मोपदेशक चर्च मिशनरी सोसायटीचं काम करत होते. पुढे वैजापूर तालुक्यात घोगरगावला कॅथलिक मिशनऱ्यांनी पाय रोवले. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की जालन्याची स्कॉटिश मंडळी कॅल्व्हिनच्या परंपरेतली होती. चमत्कार प्रेषितांच्या काळापुरते होते, ते आता थांबले, असं त्या परंपरेचं ठाम मत. प्रिन्स्टनच्या बेंजामिन वॉरफिल्ड यांनी 1918 साली नंतरच्या सर्व चमत्कारांना बनावट ठरवणारा ग्रंथच लिहिला. म्हणजे बेथेलच्या माणसांना कोणी चमत्काराचं आश्वासन देऊ शकत नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचला तो शेजारी बसणारा, पाटी-पेन्सिल हातात देणारा उपदेशक. कोडाच्या रोग्याला शिवणारा येशू त्यांनी ऐकला असेल, तर या अनुभवाच्या शेजारी बसून ऐकला. नारायण वामन टिळकांचं उदाहरण वेगळ्या थरातलं, पण दिशा तीच. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना त्यांना खिळवून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: बेथेलसारख्या वस्त्यांतले लोक जमिनीसाठी, दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले, त्यात खुणा कसल्या शोधता? यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भुकेल्याला भाकर मिळणं हे शुभवर्तमानाला परकं नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो छत्रपती संभाजीनगर शहरातूनच येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि 1956 साली लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. 1957 साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अलौकिकावरच्या विश्वासाला धम्मात जागा नाही. ज्या समाजांतून मराठवाड्यातले ख्रिस्ती आले, त्यांतल्याच फार मोठ्या वर्गाने चमत्काराशिवाय माणुसकी मिळवून दाखवली. मग स्पर्श हाच अर्थ असेल, तर चमत्कार हवाच कशाला? शिवाय ख्रिस्ती मंडळ्यांतही जातीने पाठ सोडली नाही, मग त्या खुणेचं झालं काय?

यावर ख्रिस्ती माणसाला प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येईल की अपमान धुऊन निघणं हा चमत्कारकथांचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा शरीराचा आहे. त्या बाईला 'मुलगी' म्हटलं गेलं आणि तिचं रक्तही थांबलं. कथा दोन्ही सांगते. माणसाचं दुखणारं शरीर देवाच्या लेखी कवडीमोल नाही, रोग आणि मरण हा सृष्टीचा अखेरचा शब्द नाही, हा ख्रिस्ती दावा आहे. तो धम्माच्या दाव्याहून वेगळा आहे, एकाला दुसऱ्यात मुरवता येणार नाही. इथेच पुनरुत्थानाचा प्रश्न येतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, असं पौल करिंथच्या मंडळीला स्वच्छ लिहितो. तेव्हा सगळेच चमत्कार रूपक म्हणून वाचून मोकळं होता येत नाही. निदान एका ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धा घडलेल्या घटनेवर उभी आहे आणि ती घटना इतिहासाच्या नेहमीच्या कसोट्यांनी सिद्ध होत नाही. पण तिचीही रीत पाहा. उठलेला येशू रोमी सुभेदार पिलाताच्या किंवा महायाजक कयफाच्या दारात उभा राहत नाही. तो रडणाऱ्या मरियेला आणि पळालेल्या शिष्यांना भेटतो. विरोधकांना गप्प करण्याची एवढी मोठी संधी वृत्तान्तकारांनी सोडून दिली आहे.

व्यवहारातला आक्षेप असा, की खेड्यातल्या आणि शहरातल्या भाविकाला हे बारकावे ठाऊक नसतात, त्याला चंगाई, म्हणजे प्रार्थनेने बरं होणं, हवी असते. चंगाईच्या सभांत साक्षी दिल्या जातात, कोणी औषध सोडतं, कोणी पैसे देतं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं पुनरुज्जीवन झालं. मुली रडत पापं कबूल करू लागल्या, अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी ते दडपलं नाही, पण अशा भाषा बोलणं हीच आत्म्याची एकमेव खूण, असंही त्यांनी मानलं नाही. आज कितीतरी व्यासपीठांवर हा विवेक दिसत नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कारांचा प्रयोग करून पैसा मिळवणं आणि लोकांना फसवणं, ठकवणं हा गुन्हा ठरवला. ख्रिस्ती मंडळींनी त्याला बिचकण्याचं कारण नाही, कारण पैसे देऊ करून पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मागणाऱ्या शिमोनाला पेत्राने याहून कठोर शब्दांत झिडकारलं होतं. 2012 साली विलेपार्ल्याच्या एका चर्चमधल्या क्रूसावरून पाणी ठिबकू लागलं. तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतं आहे, असं रॅशनलिस्ट सनल एडामरुकू यांनी सांगितलं, तेव्हा काही कॅथलिकांनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. ज्या श्रद्धेचा संस्थापक चिन्ह मागणाऱ्यांना टाळून होडीत बसला, तिच्या अनुयायांनी गटाराच्या पाण्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी, हे त्या श्रद्धेचंच अज्ञान. खरं तर कॅथलिक चर्चची स्वतःची चाळण रॅशनलिस्टांहून फारशी ढिली नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी 1858 पासून बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. 2018 पर्यंत त्यांतले 70 चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले होते.

संतपद देताना मात्र रोम अजूनही चमत्कार पुरावा म्हणूनच मागतं, हा विरोध उरतोच. त्याला झालेल्या अपवादांतला एक होता एका गोवेकरासाठी. बाणावलीत 1651 साली जन्मलेले फादर जोसेफ वाझ डचांच्या अमलातल्या श्रीलंकेत लपतछपत गेले आणि कँडीच्या राजाच्या कैदेत पडले. 1696 च्या अवर्षणात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस आला, म्हणून राजाने त्यांना राज्यभर फिरायची मोकळीक दिली, असं सांगतात. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा त्या आजाऱ्यांची शुश्रूषा करत आणि मेलेल्यांना मूठमाती देत राहिले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत वाझ यांना संत जाहीर केलं, तेव्हा नियमाप्रमाणे लागणारा दुसरा चमत्कार त्यांनी मागितला नाही.