घारापुरी: बुडालेल्या खोऱ्यातला डोंगर

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये नव्या इमारतीचा पाया खोदताना वरची माती संपली की काळा कातळ लागतो. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा वर आलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. मुंबईच्या बंदरात, गेटवेहून लाँचने तासाभरावर असलेली घारापुरीची लेणीही याच लाव्हाच्या कातळात कोरलेली आहेत. फरक इतकाच, की पिंपळे सौदागर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे आणि घारापुरीच्या पायथ्याला रोज दोनदा भरतीचं पाणी लागतं. लेण्यातल्या त्रिमूर्तीसमोर मान आपोआप वर जातेच. पण हा दगड इथवर खाली कसा आला, हा प्रश्नही मला तितकाच थक्क करतो.

उत्तराचा अर्धा भाग एक्स्प्रेसवेवरून दिसतो. खंडाळ्याचा घाट उतरताना समोरच्या कड्यांकडे पाहा, लाव्हाचे थर आडवे, एकावर एक बसलेले दिसतील. पनवेलच्या बाजूला तेच थर समुद्राकडे कलतात. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या या पट्ट्याला भूशास्त्रज्ञ ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला, त्या ताणातून हा किनारा घडला. पायरीवर अंथरलेली चटई कडेशी खाली वाकावी, तसे थर वाकले आणि जागोजागी तुटलेही. घारापुरीवरचे असे दोन मोठे प्रस्तरभंग २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्यांदा नोंदवले गेले. कातळावर कातळ घासून सरकल्याचे ओरखडे तिथे अजून स्पष्ट आहेत. इतकी वर्षं इतके लोक त्या बेटावर उतरले आणि या खुणा उघड्यावर असूनही नोंदीविना राहिल्या!

घाटमाथा मात्र उंचच राहिला. म्हणून तर पवना नदी सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावते आणि जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. पिंपळे सौदागरला वळसा घालून गेलेलं तिचं पाणी मुळा, भीमा, कृष्णा असं करत थेट बंगालच्या उपसागरात पोचतं.

पण थर वाकल्यानं घारापुरीचं बेट झालं नाही. ते झालं बर्फामुळे, आणि तेही हजारो किलोमीटर दूरच्या.

वीस हजार वर्षांपूर्वी नॉर्वेवर आणि उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागावर बर्फाचे प्रचंड थर होते. जगाचं इतकं पाणी त्यात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईचं बंदर तर उथळ आहे. तेव्हा इथे कोरडं खोरं होतं, किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता, आणि घारापुरी म्हणजे त्या खोऱ्यातला दोन माथ्यांचा डोंगर. मग बर्फ वितळला. नॉर्वेच्या जमिनीवरचं ओझं उतरलं आणि ती वर येऊ लागली, आजही येते आहे. तिथल्या वेगा बेटावर जुन्या किनाऱ्यांच्या खुणा समुद्रापासून कितीतरी वर राहिल्या आहेत. म्हणजे ज्या वितळण्यानं तिकडची बेटं पाण्याबाहेर आली, त्याच वितळण्यानं आपल्याकडचा डोंगर पाण्यात उभा केला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे सापडले होते. बंदराच्या काठावर एकेकाळी रान होतं, त्याचा हा पुरावा.

आज बेटाचा घेर जेमतेम सात किलोमीटरांचा. दोन टेकड्या, मध्ये अरुंद दरी. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी, पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावं, मिळून हजार-बाराशे माणसं. पर्यटकांना इथे मुक्काम करता येत नाही, त्यामुळे शेवटची लाँच सुटली की बेट पुन्हा या तीन गावांचं होतं. ओहोटीला किनाऱ्यावर चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. म्हणून धक्का इतका लांब बांधावा लागला की त्यावरून छोटी रेल्वे धावते. किनाऱ्याला तिवरांची झाडी आहे.

मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असूनही या गावांना कायमची वीज मिळायला २०१८ साल उजाडावं लागलं. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. महावितरणनं समुद्रतळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, आणि बर्फ वितळण्याआधी जिथून चालत घारापुरीला जाता आलं असतं, त्याच खोऱ्याच्या तळातून आता गावांची वीज येते.