कमी पैशांत गुरूचा फोटो

दुर्बिणीच्या खोक्यावर '५२५ पट' असं ठळक छापलेलं दिसलं, तर खुशाल पुढच्या दुकानात जावं. खरा महत्त्वाचा असतो आरशाचा व्यास. तो जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धनापर्यंतच काही हाती लागतं. सुरुवातीला १३० ते १५० मिमी आरशाची डॉब्सोनियन उत्तम. ती साध्या बैठकीवर हातानं फिरवायची, त्यामुळे पैसा मोटारीत न जाता आरशात जातो.

फोटो मात्र एका क्लिकनं साधत नाही. हवा थरथरत असते. गुरूचे पट्टे क्षणभर लख्ख दिसतात आणि लगेच विरघळतात. म्हणून मोबाईल क्लॅम्पनं नेत्रिकेवर बसवून दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. एक्स्पोजर आधी हातानं कमी करा, नाहीतर गुरू म्हणजे नुसता पांढरा गोळा! व्हिडिओ फार लांबवूही नये, कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि पट्ट्यांतले बारकावे सरकतात. पुढे ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर हजारो चौकटींतल्या चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचतं. मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चित्रातल्या बारकाव्यांना उठाव देता येतो.

दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा गार होऊ द्या. दिवसभर तापलेल्या गच्चीपेक्षा अंगण बरं.