मुरगळलेला घोटा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत मोकळीं मैदानें थोडीं आणि खेळणारीं मुलें फार. पावसाळा सरला कीं त्या मैदानांवर खळगे उरतात, उन्हाळ्यांत तींच दगडासारखीं टणक होतात. अशा जमिनीवर खो-खोचा गडी भर वेगांत खांबापाशीं वळतो. कबड्डींत तर ‘घोटापकड’ हें एक कौशल्यच आहे. त्यामुळें पाय मुरगळणें ही नित्याची दुखापत होय. नित्याची म्हणूनच ती क्षुल्लक मानली जाते, आणि खरी हानि येथेंच होते.

घोट्याचीं हाडें अस्थिबंध नांवाच्या चिवट पट्ट्यांनीं बांधलेलीं असतात. आंतील बाजूचा बंध रुंद व बळकट असतो. बाहेरील बाजूचे तीन बंध त्या मानानें दुबळे असतात. पाऊल एकाएकीं आंत वळलें कीं बाहेरचा बंध ताणतो किंवा तुटतो. वाढत्या वयांत आणखी एक धोका असतो. मुलांच्या हाडांच्या टोकाशीं वाढीचा कूर्चामय थर असतो. तो कित्येकदां बंधाहूनहि नाजूक असल्यानें मुरगळा वाटणारी दुखापत वस्तुतः हाडाची असूं शकते.

यासाठीं एक सोपी कसोटी कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली. दुखापतीनंतर लगेच, आणि तपासणीच्या वेळींहि, चार पावलें टाकतां येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागील कडेवर दाबतांच वेदना होत असेल, तर क्ष-किरणांनीं तपासणी करावी. घाटकोपरचें राजावाडी, विलेपार्ल्याचें कूपर हीं महापालिकेचीं रुग्णालयें उपनगरवासीयांस जवळचीं आहेत.

घरोघरीं मात्र प्रथम तेल चोळतात आणि गरम लेप घालतात. पहिले दोनतीन दिवस चोळणें व शेकणें टाळावें. त्यानें सूज वाढते. पट्टी बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. वेदना शमविण्यापुरता बर्फ फडक्यांत गुंडाळून १५ ते २० मिनिटें लावावा. विश्रांति, बर्फ, दाब व उंची हें सूत्र अमेरिकेंतील डॉ. गेब मर्किन यांनीं १९७८ सालीं रूढ केलें. पुढें त्यांनींच बर्फ व संपूर्ण विश्रांति यांमुळें बरें होण्यास विलंब लागूं शकतो, असें मान्य केलें. म्हणून हाड शाबूत असल्यास, वेदना सोसवेल इतपत पाऊल लवकरच हलवूं लागावें.

वेदना थांबली म्हणजे पाय बरा झाला, हा समज सर्वांत घातक होय. पाऊल कोणत्या स्थितींत आहे ही वार्ता मेंदूस पोंचविणारे ज्ञानतंतू अस्थिबंधांतच असतात. बंध दुखावला कीं ती वार्ता मंदावते, तोल उशिरां सांवरला जातो, आणि तोच पाय पुन्हां मुरगळतो. यावर उपाय बिनखर्चाचा आहे: रोज कांहीं मिनिटें दुखऱ्या पायावर उभें राहावें; प्रथम फरशीवर, मग घडी घातलेल्या गोधडीवर. त्यानंतर सरळ धांवावें, शेवटीं वळणें घ्यावींत. आपली जुनी लंगडी येथें परीक्षक म्हणून उत्तम. दुखऱ्या पायानें चांगल्या पायाइतकीच निर्धास्त लंगडी घालतां येईपर्यंत सामना खेळूं नये.

सौम्य मुरगळ्यास एकदोन आठवडे पुरतात. बंध तुटल्यास महिनेहि लागतात. सामन्याची तारीख अस्थिबंध ओळखीत नाहीं. खेळाडू मूल उतावीळ असणारच. तेव्हां ‘अजून नाहीं’ हें सांगण्याचें धैर्य पालकांनीं व क्रीडाशिक्षकांनीं दाखविलें पाहिजे.