पक्ष्यांची नावनिशी आणि वंशक्रम

डॉ. जर्डन यांचा ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ साली प्रसिद्ध होऊ लागला तेव्हा त्याचा आरंभ गिधाडांपासून झाला. १८८९ साली ओट्स यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील पक्ष्यांचा पहिला खंड सिद्ध केला, तेव्हा प्रथम स्थान कावळ्याच्या कुळाला मिळाले. १९६८ पासून निघू लागलेल्या सालिम अली व डिलन रिप्ली यांच्या दशखंडी ‘हँडबुका’त तोच कावळा पाचव्या खंडात गेला, आणि आज भारतीय पक्ष्यांची कोणतीही अद्ययावत यादी उघडली तर पहिल्याच ओळींत अडई हे लहानसे बदक दिसते. शतक-दीड शतकाच्या या अवधीत पक्षी होते तसेच राहिले. बदलला तो यादीकडून विचारला जाणारा प्रश्न.

लिनियसने १७५८ साली पक्षिवर्गाची मांडणी करताना शिकारी पक्ष्यांना अग्रस्थान दिले होते, आणि जर्डनपर्यंत ती वहिवाट अव्याहत चालत आली. पुढे उत्क्रांतीचा विचार रुजल्यावर, जो पक्षी विकासाच्या शिखरावर आहे त्याच्यापासून खाली उतरत यावे असे मानणारे विद्वान निघाले, आणि बुद्धिमत्तेमुळे त्या शिखरावर कावळा बसला. अलेक्झांडर वेटमोर यांनी १९३० मध्ये मांडलेल्या व नंतर वारंवार सुधारलेल्या क्रमात हा प्रवास उलटा झाला. जे कुळ प्राचीन ते आधी आणि जे अर्वाचीन ते शेवटी, हे तत्त्व सर्वमान्य झाले. तरीही गायक पक्ष्यांची समाप्ती कावळ्याने करावी की चिमणीसारख्या दाणेखाऊ पक्ष्यांनी, यावर युरोपातील आणि अमेरिकेतील पंडितांचा मतभेद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धुमसत राहिला. त्याचा निवाडा दोन्हीकडे असलेल्या पुराव्याने होण्यासारखा नव्हता, कारण चोच, पाय आणि पिसे यांतील साम्य रक्तसंबंधाने येते तसेच समान उपजीविकेनेही येते, आणि नुसत्या बाह्य रूपावरून या दोहोंचा भेद करणे फार कठीण असते.

हा भेद डीएनएच्या अभ्यासाने पुष्कळसा सुकर केला. सिब्ली आणि अॅल्क्विस्ट यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या वंशवृक्षाने जुन्या मांडणीला पहिला मोठा हादरा दिला. त्यांची पद्धती आता मागे पडली असली तरी त्यांनी विचारलेला प्रश्न मागे पडला नाही. २००८ मध्ये हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६९ जातींच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा ससाण्याचे सख्य गरुड-घारींशी नसून पोपट आणि गायक पक्षी यांच्याशी आहे हे स्पष्ट झाले. बाज, बहिरी, शिक्रा ही नावे दरबारी शिकारीच्या परिभाषेतून मराठीत आली आणि शिकारखान्यात हे पक्षी शेजारी शेजारी बसले. परंतु वंशाच्या हिशेबाने शिक्रा घारींजवळच राहिला आणि बहिरी ससाण्याने पोपटाच्या शेजारी बिऱ्हाड केले. त्याहूनही विलक्षण म्हणजे, उजनीच्या जलाशयावर आणि ठाण्याच्या खाडीत थव्याथव्यांनी उतरणारा रोहित, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात, त्याचा सर्वांत निकटचा आप्त गावतळ्यातली टिबुकली ठरली. एक पाय उंचावून चिखलात उभा राहणारा, दुसरी क्षणात पाण्याखाली नाहीशी होणारी. पण अस्थिरचनेनेही त्या नात्याला पुढे पुष्टी दिली.

इतके असूनही यादी हा वृक्ष नव्हे. कुळकर्ण्याच्या दप्तरातील वंशावळ जशी एका ओळीत उतरवताना दोन सख्ख्या भावांपैकी कोणाला तरी आधी लिहावेच लागते, आणि त्यावरून थोरला-धाकटा ठरत नाही, तशीच येथेही अवस्था आहे. एकाच बिंदूपासून फुटलेल्या दोन शाखांपैकी जिच्यात जाती कमी ती शाखा साधारणतः आधी मांडायची, असा एक संकेत अभ्यासकांनी पाळला आहे. शहामृगासारखे उड्डाणहीन पक्षी व त्यांचे आप्त यांची शाखा सर्वांत आधी फुटलेली आहे, पण ती आज भारतात नांदत नाही. म्हणून आपल्या यादीचे दार बदके आणि कोंबड्यांच्या शाखेने उघडते. क्रमाकडे पाहताना ही गोष्ट लक्षात असावी की त्यातील शेजार अर्थपूर्ण असतो, अग्रक्रम मात्र बहुतांशी सोयीचा असतो.

नावांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण शास्त्रीय नावाला कायदा आहे आणि लोकनामाला तो नाही. लॅथम यांनी १८०१ साली एका लहानशा सुतार पक्ष्याला ‘पिकस महरात्तेन्सिस’ असे नाव दिले. पुढे त्याची आप्तमंडळी नव्याने ठरत गेली, तसा नावाचा पूर्वार्ध, म्हणजे प्रजातीचे नाव, पिकस, डेंड्रोकोपॉस, लिओपिकस असा पालटत गेला. पण उत्तरार्ध, ज्येष्ठतेच्या नियमाने, अढळ राहिला. इंग्रजीत मात्र तो एकेकाळी ‘महराट्टा’ होता, मग पिवळ्या कपाळाचा झाला आणि आता पिवळ्या मुकुटाचा आहे. मराठीत तो ‘मराठा सुतार’ म्हणून ओळखला जातो. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी जमवणारे कर्नल साइक्स यांनी १८३२ साली या प्रांतातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि एका रातव्याला त्यांनी हेच ‘महरात्तेन्सिस’ पद बहाल केले. लाल मुनियेचे ‘अमन्दावा’ हे तर अहमदाबादेचेच रूपांतर आहे, कारण तेथून हे पक्षी परदेशी विकले जात. अशी नावे पाहिली की शास्त्राच्या बाडात आपल्या बाजारपेठा आणि आपली माणसे किती खोलवर नोंदली गेली आहेत याचा प्रत्यय येतो.

आमच्या लोकनामांचे वैभव मला फार मोलाचे वाटते. धोबी, शिंपी, सुतार, तांबट, कोतवाल. गावगाड्यातील धंदे आणि हुद्दे पक्ष्यांच्या चालीवरून, आवाजावरून, स्वभावावरून त्यांना चिकटले. तांबटाचे ‘टुक्-टुक्’ ऐकून इंग्रजानेही त्याला तांब्याचे काम करणाराच म्हटले, हे साम्य सहज जुळलेले नसून कानांच्या सारख्या साक्षीवर उभे आहे. याउलट इंग्रजी विशेषणांचे शब्दशः ओझे वाहणारी ‘पांढऱ्या गळ्याचा’, ‘तपकिरी डोक्याचा’ अशी बोजड नावे शेकड्यांनी पाडली, तर ती पुस्तकात राहतील आणि शेतावर कोणाच्या तोंडी येणार नाहीत. नवे नाव घडवावेच लागेल, पण ते घडवण्यापूर्वी त्या पक्ष्याला त्याच्या मुलखातील पारधी, धनगर, कोळी काय म्हणतात हे विचारणे हा पहिला कर्तव्यभाग असला पाहिजे.

याचे कारण केवळ भाषाप्रेम नाही. आंध्रातील काटेरी झुडपांत राहणारा जर्डनचा धाविक कित्येक दशके कोणाला दिसलाच नव्हता. १९८६ साली मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भरत भूषण यांनी कडप्पा जिल्ह्यात त्याचा शोध घेतला, तेव्हा तेथील लोकांना तो ‘कलिवि-कोडी’ म्हणून परिचित होता आणि एका स्थानिक पक्षी पकडणाऱ्या माणसानेच तो हाती दिला. इंग्रजी नावात संग्राहकाचे नाव आहे. तेलुगू नावात तो ज्या झुडपात सापडतो ते झुडूप आहे. अमेरिकेतील पक्षिशास्त्र संस्थेने २०२३ मध्ये व्यक्तींवरून पडलेली आपल्या प्रदेशातील इंग्रजी नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो वाद निराळ्या इतिहासाचा आहे आणि आपण त्याची घाईने नक्कल करण्याचे कारण नाही. तथापि दक्षिणेतील शोलावनांतील लहानशा पक्ष्यांसाठी २०१७ साली ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती स्थापन झाली, आणि इंग्रजीतही त्यांना ‘शोलाकिली’ हे तेथल्याच भाषेतून आलेले नाव मिळाले, ही दिशा मला अधिक सुज्ञ वाटते.

नावांच्या विभागणीत प्राणांचाही प्रश्न असतो. लांब चोचीचे गिधाड दीर्घकाळ एकच जात समजले जाई. रासमुसेन आणि पॅरी यांनी २००१ साली दाखवून दिले की सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारे गिधाड एक, आणि हिमालयाच्या पायथ्याशी व आसामात झाडांवर घरटी करणारे बारीक चोचीचे गिधाड दुसरे. त्याच सुमारास गिधाडे विलक्षण वेगाने मरत होती. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याचे कारण ठरले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. १९९२ ते २००७ या काळात या दोन जातींची एकत्रित संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली, आणि दोघांची गणना एकाच नावाखाली चालू राहिली असती, तर दुसऱ्या जातीचे अधिकच अल्प उरलेले अस्तित्व पहिलीच्या आकड्यात झाकून गेले असते.

जून २०२५ मध्ये जगातील प्रमुख यादीकारांनी एकत्र येऊन ‘एव्हिलिस्ट’ ही सामाईक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात ११,१३१ जाती आहेत. आजवर एकाच पक्ष्याची जात एका यादीत स्वतंत्र आणि दुसरीत पोटजात असे, त्यामुळे संरक्षणाच्या कागदपत्रांत जो गोंधळ होई, तो यामुळे पुष्कळ कमी होईल. मराठी नावांची अशी सर्वमान्य नोंदवही करायची झाल्यास प्रत्येक नावापुढे ते कोणत्या तालुक्यात, कोणत्या समाजाच्या बोलीत ऐकले याचा रकाना असावा, आणि शब्दशः भाषांतरित नावे त्या नोंदवहीत वेगळ्या सदराखाली लिहावीत.