पहाऱ्याचा कॅमेरा कसा निवडावा?

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां तीन आठवड्यांच्या यात्रेहून शिरूरास परतलों, तों परसांतील विहिरीवरची मोटार नाहींशी झालेली! घराभोंवतीं चार कॅमेरे होते. दिवाणखान्यांत रेकॉर्डरचा हिरवा दिवा शांतपणें तेवत होता. चोर आतां सांपडलाच, अशा उत्साहानें मीं पडदा उघडला. पण आंत केवळ शेवटच्या अकरा दिवसांचीं चित्रें होतीं, आणि त्यांतील पहिल्याच दिवशीं मोटारीची जागा रिकामी दिसत होती. चोरी त्यापूर्वींच झाली होती, आणि तिचें चित्र यंत्रानेंच पुसून टाकलें होतें.

जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या मला खरेदीपूर्वीं एक साधें गणित सुचूं नये, याची खंत अजून वाटते. तें गणित असें. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदास सुमारें दोन मेगाबिट माहिती पाठवितो, असें धरूं. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदास पाव मेगाबाइट. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत हे झाले २१,६०० मेगाबाइट, अर्थात् २१.६ गीगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६ च्या वर. एक टेराबाइटची, म्हणजे हजार गीगाबाइटांची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते; आणि भरली कीं सर्वांत जुनें चित्र पुसून त्या जागीं नवें लिहिलें जातें. महिनाभराची नोंद हवी असल्यास तीन टेराबाइटांची तरतूद पाहिजे. जुन्या पद्धतीनें चित्रें सांठविणाऱ्या रेकॉर्डरला याच्या दुप्पटही जागा लागते. हालचाल झाली तरच चित्र टिपण्याची सोय असते, तिनें जागा वांचते खरी. पण वाऱ्यानें डोलणारी पेरूची फांदी ही देखील यंत्राच्या लेखीं हालचालच.

विक्रेता आपणांस कॅमेऱ्यांची संख्या सांगेल. आपण त्यास विचारावें कीं, यांत मला काय ओळखूं येईल? दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० ठिपक्यांची असते. परका चेहरा निश्चित ओळखावयाचा तर दर मीटरास २५० ठिपके पाहिजेत, असें आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणजे त्या कॅमेऱ्यानें साडेसात मीटरांहून फारशी रुंद जागा पाहूं नये. पंधरा मीटरांचें अंगण त्यांत कोंबलें तर घरचा गडी ओळखूं येईल, चोर नाहीं. आमच्या तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबट्या वस्तीवर येतो. त्याच्यासाठीं रुंद दृष्टीच बरी, कारण बिबट्याचा चेहरा ओळखून करावयाचें काय? माणसासाठीं मात्र निदान एक कॅमेरा दारासमोर, डोक्याहून थोडासाच उंच हवा. छपराशीं टांगलेला कॅमेरा टोपी तेवढी दाखवितो! रात्रीं तो अवरक्त किरणांच्या साहाय्यानें पाहतो. भिंगापुढें कोळ्यानें जाळें विणलें तर ते किरण परतून सारें चित्र पांढुरकें होतें. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे त्याचें तोंड नसावें, हें निराळें सांगावयास नको.

दुकानाची अडचण वेगळी. दौंडास माझ्या भाच्याचें लोखंडी सामानाचें दुकान आहे. तेथें चोरांनीं गल्ला फोडला आणि जातांना त्याच्याखालचा रेकॉर्डरही उचलून नेला. साक्षीदारच पळविला म्हणा ना! स्मृतिपत्र आंत घालावयाच्या स्वस्त बिनतारी कॅमेऱ्याचेंही तेंच. कॅमेरा गेला कीं नोंद गेली. लहान बिऱ्हाडास तो पुरेल, पण दुकानास तारेनें जोडलेली व्यवस्था, नजरेआड ठेवलेला रेकॉर्डर आणि वीज गेल्यावर तासदोनतास ती चालविणारी बॅटरी हवी. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशीं बदलावा. बसविणाऱ्या कारागिराचा पासवर्ड आपल्या घराला नको.

चित्र न्यायालयांत न्यावयाचें झालें तर आणखी एक पायरी आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीच्या खटल्यांत, उमेदवारी अर्ज वेळेंत आले कीं नाहींत हें निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रणावरून ठरवावयाचें होतें. त्यांत १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मूळ यंत्र हजर न करतां त्याची प्रत पुढें केल्यास कायद्यांतील प्रमाणपत्र अवश्य पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमांतही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून पडद्याचें चित्र मोबाइलवर टिपून समाधान मानूं नये. रेकॉर्डरचें घड्याळ बरोबर आहे ना, हें पाहावें, आणि चोरी झाल्यास रेकॉर्डर तसाच राखून पोलिसांना कळवावें.

भाच्यानें नवा रेकॉर्डर माळ्यावर, लोखंडी कपाटांत कुलपाआड ठेवला आहे. हवा खेळावी म्हणून कपाटाला भोंकें पाडलीं आहेत. मीं चार टेराबाइटची हार्ड डिस्क घेतली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सर्वांत जुनें चित्र कोणत्या दिवसाचें, तें मी उघडून पाहतों. परवां तें पंचेचाळीस दिवसांपूर्वींचें निघालें.