दोन गदा, एक जोड

डिसेंबर 2018. जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली होती. गादी विभाग जिंकून आलेला पुण्याचा अभिजीत कटके आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी. समोर माती विभागातून आलेला बाला रफिक शेख. बालानं 11-3 अशी कुस्ती मारली आणि निकालात त्याच्या नावापुढे जिल्हा लागला बुलढाणा. आमच्या देऊळगाव राजापासून जालना तीसेक किलोमीटरवर, त्यामुळे गदा जणू शेजारच्या अंगणातून घरात आली.

खरं तर पठ्ठ्या करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. घडला कोल्हापुरात, गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली, आणि पुढे पुण्यात. बुलढाण्याच्या मातीत तो किती घाम गाळून गेला, हे विचारायच्या फंदात कोणी पडलं नाही. पैलवानानं दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरणं कुस्तीला नवं नाही. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेले होते. शिष्याची गदा पाहायला वस्ताद नव्हते, ही चुटपुट मात्र कोल्हापूरइतकीच इकडेही लागली.

तेव्हा महाराष्ट्र केसरी एकच होता. आज हे वाक्य मुद्दाम लिहावं लागतं.

आमच्याकडे घाटावर काय आणि घाटाखाली काय, यात्रेच्या आमदंगलीत जोड कशी लागते ते ज्यानं पाहिलंय, त्याला त्यानंतरचं दोन केसरींचं कोडं जास्त छळतं. सुरुवातीला नारळावरच्या, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या. मग शंभराच्या, पाचशेच्या. हलगी कडकडत असते. एखादा पैलवान कपडे काढून आखाड्याला फेरी मारतो, म्हणजे जोड मागतो. समोरच्या बाजूचा वस्ताद आपल्या पोराला उठवण्याआधी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघतो. वजन नंतर, आधी मान आणि कान. कान मोडलेले असले की पोरगं तालमीत मुरलेलं आहे, हे ओळखायला काटा लागत नाही. "जोड भारी होते, वस्ताद." "मग इनाम वाढवा की!" पंच मध्ये पडतात, गावातला एखादा शेतकरी जागच्या जागी शे-दोनशे रुपये बोलतो आणि हात मिळतात. सगळा सौदा पाच मिनिटांचा, तोही हजार माणसांच्या देखत. दोन्ही बाजूंनी फार ताणलं तर पब्लिकच ओरडतं. जोड लागली नाही तर इनाम कोणालाच नाही, हे दोन्ही वस्ताद जाणून असतात.

मोठ्या कुस्तीत हीच गोष्ट हरवली. 1953 साली मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1961 पासून ही स्पर्धा घेत आली. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं परिषद बरखास्त केली आणि वर्ध्याचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्याकडे सूत्रं दिली. परिषद कोर्टात गेली. त्यानंतरचा काळ वकिलांचा, पत्रकांचा आणि नेत्यांच्या हस्तांदोलनांच्या फोटोंचा. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला मिनिटभराच्या आत चीत केलं. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. त्याच स्पर्धेत सिकंदर शेखच्या उपांत्य कुस्तीतल्या गुणांवरून महाराष्ट्र आठवडाभर तावातावानं भांडत होता. तेवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं.

पण नोव्हेंबर 2023 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदरनं शिवराजला हरवलं. मग धाराशिवला परिषदेच्या आखाड्यात शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं. म्हणजे फुलगावला हरलेला पैलवान धाराशिवला केसरी! 2025 मध्ये तर आकडेही उलटे फिरले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला झाली ती 67 वी स्पर्धा आणि मार्चअखेर त्याच जिल्ह्यात कर्जतला झाली ती 66 वी. एकीकडे पृथ्वीराज मोहोळ, दुसरीकडे वेताळ शेळके. अहिल्यानगरला पाठ टेकली की नाही या वादात शिवराजनं पंचाला लाथ मारली, महेंद्रनं अंतिम कुस्ती अर्ध्यावर सोडली आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होणार नाही. पण त्या दिवशी पंचाचा शब्द अखेरचा मानायला कोणी तयार नव्हतं, आणि ही सवय पैलवानांच्या आधी त्यांच्या वरच्यांनी लावली होती.

बॉक्सिंगवाले तरी काय वेगळे, असं कोणी म्हणेल. त्यांच्याकडे चार संघटना, चार पट्टे. पण 2002 मधली लेनॉक्स लुईस आणि माइक टायसनची लढत आठवा. लुईस एचबीओ वाहिनीशी करारानं बांधलेला, टायसन शोटाइमशी, आणि दोन्ही वाहिन्या एकमेकींच्या वैरी. जानेवारीत न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेतच हाणामारी झाली, टायसन लुईसच्या मांडीला चावला. नेवाडानं टायसनला परवाना नाकारला आणि लास वेगासची लढत गेली. तरी ती 8 जूनला मेम्फिसमध्ये झाली. दोन्ही वाहिन्यांनी मिळून दाखवली. दोघांची नावं पुकारायला निवेदकसुद्धा दोन, ज्याच्या-त्याच्या वाहिनीचा. घंटेआधी दोघं भिडू नयेत म्हणून रिंगच्या मधोमध पिवळ्या शर्टातल्या रखवालदारांची भिंत उभी केली होती. आठव्या फेरीत टायसन पडला.

ही माणसं काही खेळाच्या प्रेमानं टेबलावर आली नव्हती. लुईसशिवाय टायसनला तेवढी मोठी लढत मिळत नव्हती आणि टायसनशिवाय लुईसला तेवढे पैसे मिळत नव्हते. यात्रेतल्या वस्तादांसारखंच, जोड नाही तर इनाम नाही. आपल्याकडे मात्र दोन्ही गटांचं एकमेकांवाचून काही अडलं नाही. ज्याला त्याला आपला तालुका, आपला आमदार, आपली बक्षिसाची चारचाकी, आपली गदा. मग कशाला कोण बसेल समोरासमोर?

अर्थात बॉक्सिंगची एकीही फार टिकत नाही. 1999 मध्ये लुईसनं होलिफिल्डला हरवून निर्विवाद विजेतेपद घेतलं, त्यानंतर तसा हेवीवेट मिळाला तो थेट मे 2024 मध्ये, रियाधला टायसन फ्युरीला हरवणारा युक्रेनचा उसिक. त्याच्या वर्षभर आधी पैशांच्या वाटणीवर घासाघीस झाली होती. फ्युरीनं 70 टक्के मागितले, उसिकनं 30 कबूल केले, एवढीच अट घातली की युक्रेनसाठी दहा लाख पौंड द्या. तरी ती बोलणी मोडली. आणि शेवटी चारही पट्टे एका कमरेला आले, तर महिना-दीड महिन्यात त्यातला एक सुटला.

बाला रफिकची ती गदा म्हणून आता अधिक आठवते. त्या संध्याकाळी जालन्यात मातीतला आणि गादीवरचा असे दोन विजेते होते आणि दोघांना एकमेकांशी लढावंच लागलं. आज इकडच्या एखाद्या तालमीतलं सत्तर-ऐंशी किलोचं पोरगं पहाटे दोर चढतं, जोर मारतं, आणि वस्तादाला विचारतं, "आपण कोणत्या केसरीला जायचं?" वस्ताद त्याच्या कानांकडे बघतो. ते अजून पुरते मोडलेले नाहीत. "आधी चैत्रातली दंगल मार," म्हणतो.